गुन्ह्यांचा रकाना

बारवेच्या काठावर पाच खराटे पडलेत. माणसं चारच आलीत. पाचवा खराटा मी उचलतो.

सकाळचे साडेसहा. नोव्हेंबर आहे, बोलताना तोंडातून वाफ निघते. काठावरच्या कडुनिंबाखाली कुणीतरी काटक्या पेटवल्यात, तिथं दोन कुत्री अंग शेकत बसलीत. हे परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा. जिल्ह्यात नगरपरिषदा सात. त्यातलं हे नेमकं कुठलं, ते सांगत नाही. निवडणुकीच्या दिवसांत सातही गावं सारखीच दिसतात. आणि बारव झाडायला आलेल्या या ताईंसारखी एखादी बाई किंवा एखादा बाप्या सातही गावांत असतो.

ताई चपला वरच काढून ठेवतात. साडीवर स्वेटर, कानाला स्कार्फ, खांद्याला कापडी पिशवी. "तिसरी पायरी हलती बरं का," मागं न बघता सांगतात. मी तिसरी चुकवून चौथीवर पाय टाकतो.

आज त्या नगरसेवकपदासाठी अर्ज भरणार आहेत. अपक्ष. दुपारी तीनच्या आत. पण बारव झाडायचा वारही आजच आहे आणि वार चुकवायचा नाही.

चारी बाजूंनी दगडी पायऱ्या खाली जातात. जसजसं उतरावं तसतसं डोक्यावरचं आभाळ लहान होत जातं. भिंतींत कोनाडे आहेत. एका कोनाड्यातल्या देवाला शेंदूर लावलाय, बाकीच्यांत पारवे घुमतायत. दगडाच्या एका सांध्यातून पिंपळाचं वीतभर रोप वर आलंय. ताई ते हळूहळू हलवून मुळासकट उपटतात. झाडं लावणारी बाई म्हणून गाव यांना ओळखतं. मी बघत राहतो.

"हे राहिलं तर भिंत फोडतंय," त्या म्हणतात. ओल्या मातीसकट रोप पिशवीत ठेवतात. "शाळेच्या मागं लावू. तिथं फोडायला काय नाय."

खाली हिरवं पाणी. पाण्यावर निर्माल्य, देवाचा फुटका फोटो, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकचे पेले. पायऱ्यांवर सगळ्यात जास्त काय असेल तर गुटख्याच्या पुड्या. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2018 पासून. घमेलं दोन्हींनी भरतं. आम्ही हातोहात ते वर देतो. दहाव्या घमेल्याला माझी पाठ बोलायला लागते. स्वेटर केव्हाच उतरलेत.

धोतर खोचलेले एक मामा काठावर बसून फक्त बघतात. गुडघे साथ देत नाहीत. "बहात्तरच्या दुष्काळात गाव हितलंच पाणी प्यालं," ते म्हणतात. "मग नळ आला. नळ आल्यावर बारवेत कोण बघतंय?" मग स्वतःच पुढं सांगतात, "मीच टाकला असंल कचरा. खोटं कामून बोलू."

सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. गावकऱ्यांनी स्वतः राबून ती साफ केली. ताई गल्लीतल्या बायकांना जीपमध्ये घालून ती बघायला घेऊन गेल्या आणि परत आल्यावर ही बारव हातात घेतली. 2022 मध्ये टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या बारवांची पोस्टकार्डं काढली. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या बारवाही होत्या. त्यातलं एक कार्ड ताईंच्या पिशवीतल्या फायलीत आहे. कोपरा मुडपलाय.

"आपली यात नाय," त्या कार्ड दाखवून म्हणतात. "आपल्या बारवेत तव्हा बाभळी होत्या."

आठ वाजता खराटे कडुनिंबाला टेकवून ठेवले जातात. चहा येतो. कागदी पेले नाहीत, घरून आणलेले स्टीलचे पेले आहेत. पाचही धुऊन परत पिशवीत जातात.

आता गल्ली.

पुढं ताई, मागं आम्ही. सिमेंटचा रस्ता मधोमध उंच आहे आणि दोन्ही बाजूंना उतरता. उतारावरचं पाणी नालीत जातं, नाली ओढ्यात, ओढा गोदावरीत. गोदावरीला इथं कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगा म्हणतात. अस्थी घेऊन गंगेवर जातात, लेकराचं जावळ घेऊन गंगेवर जातात. आणि नालीही गंगेवरच जाते.

घंटागाडी येते. भोंग्यावर गाणं लागलंय, स्वच्छतेचंच. गाडीला दोन कप्पे आहेत, एक हिरवा, एक निळा. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असं घनकचऱ्याचे नियम सांगतात. एक सून दोन बादल्या घेऊन पळत बाहेर येते. एकीत भाजीचा पाला, दुसरीत कागद. गाडीवरचा पोरगा दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात उलट्या करतो. सून ताईंकडं बघते.

"दुसरा कप्पा गच्च भरलाय मावशी," पोरगा ताईंना सांगतो. "खाली जागा एकच हाय. मी वेगळं करून काय करू?"

ताई त्याच्यावर चिडत नाहीत. त्याचे हात बघतात. हातमोजे नाहीत. पिशवीतून वही काढून एक ओळ लिहितात. हातमोज्यांची.

या गल्लीत सप्टेंबर 2024 च्या पहिल्या दोन दिवसांच्या पावसात चुलीपर्यंत पाणी आलं होतं. भिंतीवर त्याची रेघ अजून आहे, माझ्या गुडघ्याच्या वर. पाऊस तेव्हा सगळ्या जिल्ह्यात अफाट पडला. पण ही रेघ नुसत्या पावसाची नाही. पुढं ओढ्यावर मुरूम टाकून जागा केलीय, जागेवर टपऱ्या आहेत आणि टपऱ्यांखाली ओढा दोन नळ्यांतून चाललाय. ताई वाकून नळीचं तोंड दाखवतात. आत गादी अडकलीय. कापसाची अख्खी गादी.

ओट्यावर एक म्हातारी ऊन खात बसलीय. ताई तिच्या पाया पडतात.

"भरायलीस का अर्ज?"

"भरायले आत्या. आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद हाय. पर मला एक सांग. तू आत जाऊन बसलीस तर बाहीर मोर्चा कोण काढील?"

आजूबाजूच्या बायका हसतात. ताईही हसतात, पण उत्तर देत नाहीत. स्कार्फची गाठ सोडून पुन्हा बांधतात. दोन घरं पुढं गेल्यावर मला म्हणतात, "रात्रभर मी बी हाच इचार करायले."

नळाचा विषय निघाल्याशिवाय गल्ली संपत नाही. "नाथसागर भरला म्हणून टीव्हीत दाखवतेत. आमच्या नळाला कव्हा?" एक जण विचारते. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. पैठणहून त्याचा डावा कालवा निघतो तो 208 किलोमीटरचा. परभणी जिल्ह्यातली शेतं त्याच्या भरवशावर ऊस लावतात. पाण्याची पाळी सुटली की शिवारात आनंद. पण गावाच्या टाकीपासून या गल्लीपर्यंतची पाइपलाइन काही फर्लांगांची आहे, आणि घोडं तिथं अडलंय. प्रत्येक दारात निळा ड्रम आहे. ड्रमवर फडकं, फडक्यावर झाकण, झाकणावर दगड. पाणी इथं दागिन्यासारखं झाकतात.

मोठ्या रस्त्याला लागतो तेव्हा ऊन चढलंय. समोरून ट्रॅक्टर येतात, एकामागून एक. ट्रॉलीत भांडी, पाचुंदा, शेळी, कोंबड्यांची पाटी, पोरं. कोयता निघालाय. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली ही माणसं आता पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात उसाच्या फडावर जातील आणि उन्हाळ्यात परततील. ट्रॉलीतून एक बाई ताईंना हात करते. ताई हात करतात. मतदार यादीत तिचं नाव आहे. मतदानाच्या दिवशी ती कुठल्या फडात असेल, ते मुकादमाला माहीत.

अकरा वाजता आम्ही ऑनलाइनच्या दुकानात पोचतो. पत्र्याचं शटर अर्धं वर. आत तीन संगणक, एक प्रिंटर, एक पंखा, आणि माणसं वीस तरी. अर्ज आधी संगणकावर भरायचा, मग त्याची प्रिंट काढून सह्या करायच्या, मग ती प्रिंट हातानं नेऊन द्यायची. पडद्यावर गोल फिरतंय. सगळे त्या गोलाकडं बघतायत.

"साइट जड हाय," दुकानातला पोरगा म्हणतो. सकाळपासून तो हेच म्हणतोय.

बाहेर पत्र्याखाली बाकडं आहे. पत्रा तापलाय. सकाळी वाफ निघत होती तेच तोंड आता कोरडं पडलंय. इथला नोव्हेंबर असाच असतो, पहाटे हुडहुडी आणि दुपारी घामोळं. पाण्याचा जार संपलाय. कुणी बाकड्यावर बसून सूचकाची सही घेतंय, कुणी फोटो गोंदानं चिकटवतंय. मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक, असे आकडे तोंडानं घोकणारी माणसं आत-बाहेर करतायत.

रांगेत बाप्येच जास्त आहेत. पण हातातले अर्ज बायकांचे आहेत. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं पालिकेत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, 2011 पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. माझ्या पुढचा गृहस्थ बायकोचा अर्ज भरतोय. शिक्षणाच्या रकान्याशी अडतो आणि फोन लावतो. "ऐक गं, तू धावी पास हायस का नापास?" पलीकडून उत्तर यायला वेळ लागतो. "पास," तो पोराला सांगतो. मग फोन कानापासून लांब धरून आमच्याकडं बघतो. "फर्स्ट क्लास म्हणे. मला आज कळालं."

ताईंचा नंबर लागतो तेव्हा साडेबारा झालेत.

पोरगा वाचतो, ताई सांगतात. नाव. वय. प्रभाग, जागा 'अ'. एका प्रभागात दोन नगरसेवक, आणि नगराध्यक्षाचं मत वेगळं, म्हणजे मतदाराला तीनदा बटण दाबायचं. चिन्हांची पसंती. ताई पहिली पसंती सांगतात, बादली. पोरगा मान वर करतो. "छत्री घ्या की. छत्री दिसायला चांगली."

"बादलीच लिही."

मग शपथपत्र. जंगम मालमत्ता. दीड तोळ्याचं मंगळसूत्र, एक स्कुटी, बँकेतले आठ हजार. स्थावर मालमत्ता. दोन खोल्यांचं घर, सासऱ्यांच्या नावची जमीन, त्यातला हिस्सा. कर्ज. बचत गटाचं आहे, तेही लिहायचं. सगळं भराभर जातं. पोराची बोटं कळांवर उड्या मारतात.

"गुन्हे?"

"दोन."

पंखा तेवढा फिरत राहतो. बाकी दुकान वळून बघतं. बायकोचा अर्ज भरणारा गृहस्थसुद्धा.

"कलम सांगा."

ताई पिशवीतून फाईल काढतात. "एक 341. दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 37 आन 135."

पहिला गुन्हा 2016 च्या उन्हाळ्यातला. त्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ती गाडी अख्ख्या देशानं टीव्हीवर पाहिली. इकडं परभणी जिल्ह्यात बोअर आटत होते, बायका रात्री दोनला उठून टँकरची वाट बघत होत्या. ताई आणि गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन राज्य रस्त्यावर बसल्या. तासभर. घागरी बडवल्या. दोन दिवसांनी टँकर वाढला आणि आठ दिवसांनी नोटीस आली. बेकायदा वाट अडवल्याचा गुन्हा.

दुसरा ओढ्याचा. कचऱ्याचे ट्रॅक्टर ओढ्याच्या काठी रिकामे होत होते. ताईंनी आधी अर्ज दिले. मग माहिती अधिकारात विचारलं. मग एका सकाळी सात बायका ट्रॅक्टरपुढं उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात जिल्ह्यात जमावबंदी होती. पाच किंवा त्याहून जास्त माणसं जमली, म्हणून 37 आणि 135.

पोरगा थांबलाय. "341 आता राह्यलंय का? नवीन कायदा आला ना?"

बाकड्यावरून एक वकीलसाहेब उठतात. काळा कोट खांद्यावर. "1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता. 341 चं तिकडं 126 झालं, पोटकलम 2. पण हा गुन्हा आधीचा. कलम जुनंच पडंल."

पोरगा लिहितो. आकडे रकान्यात नीट बसतात. प्रकरण प्रलंबित, असं पुढं लिहायचं असतं. लिहितो. घागरी कशासाठी बडवल्या, त्याला तिथं जागा नाही.

"झालं," तो म्हणतो. "प्रिंट देऊ?"

ताई फाईल पुढं करतात. "ही कुठं लावायची?"

मी ती फाईल हातात घेतो. जाड आहे. पाठीला सुतळी. आत अर्जच अर्ज, आणि प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच. नालीचा अर्ज, पोच. वडाच्या फांद्या छाटू नयेत म्हणून अर्ज, पोच. माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, खाली तीस दिवसांनंतरची तारीख पेन्सिलनं लिहिलेली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी परभणीला लोकशाही दिन असतो. त्याची टोकनं आहेत, टोकनाला टाचलेली एसटीची तिकिटं आहेत. काही शिक्के ठसठशीत, काहींची शाई उडालीय. मधली काही वर्षं पालिकेची मुदत संपून प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते. त्या काळातल्या पोच सगळ्यात जास्त आहेत. गाऱ्हाणं घेऊन जायला दुसरं दारच नव्हतं. शेवटी प्लास्टिकच्या पाकिटात ते पोस्टकार्ड.

पोरगा फाईल चाळतो. मनापासून चाळतो. मग पडद्याकडं बघतो, अर्ज वरपासून खालपर्यंत सरकवतो.

"ताई, ह्याला रकाना नाय."

ताई फाईल परत पिशवीत ठेवतात. सकाळचं पिंपळाचं रोप अजून पिशवीतच आहे. फायलीच्या कडेला माती लागलीय.

दीड वाजता आम्ही कार्यालयाच्या रस्त्याला लागतो. रस्ता बंद आहे. एका मोठ्या उमेदवाराची मिरवणूक चाललीय. ढोल, ताशा, पुढं जेसीबी. जेसीबीच्या बकेटमधून झेंडूच्या पाकळ्या पडतात. कुणीतरी चंदेरी कागदाची तोफ उडवतं. आभाळात चमचम होते आणि सगळी चमचम नालीत उतरते. घंटागाडीवरचा सकाळचा तोच पोरगा रस्त्याच्या कडेला खराटा घेऊन उभा आहे. मिरवणूक पुढं सरकायची वाट बघतोय.

कार्यालयाच्या अलीकडं चुन्याची रेघ मारलीय. रेघेच्या पुढं गाडी नाही, घोषणा नाहीत. ढोल रेघेपाशी थांबतात आणि एकदम कानात शांतता भरते. पोलीस दादा कागद बघून माणसं मोजून आत सोडतायत.

आवारात मंडप आहे, पण सावली मंडपाखाली नाही. ऊन तिरकं आत शिरलंय. खुर्च्या प्लास्टिकच्या, बसलं की चटका. रांगेत बावीस जण आहेत. प्रत्येकाच्या हातात पारदर्शक फोल्डर, कागदाला कागद टाचलेले. बेबाकी आहे का? घरपट्टी, पाणीपट्टी थकली नाही असा दाखला. शौचालयाचं प्रमाणपत्र? अपत्यांचं घोषणापत्र? निवडणुकीसाठी उघडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत? एकाचा दाखला राहिलाय, तो दुचाकी काढून उन्हात पळतो. दुसऱ्याच्या सूचकाची सही चुकीच्या जागी आहे. तिसरा हातातल्या बाटलीतलं कोमट पाणी डोक्यावर ओततो.

"पाणीपट्टीची बेबाकी," ताई हळू आवाजात मला म्हणतात. "आठ दिवसाला येणाऱ्या पाण्याची. पैल्यांदा भरली, तव्हा अर्ज."

सव्वादोन. रांग चार माणसं पुढं सरकलीय. माझ्या मागचे गृहस्थ सांगतात की ते तिसऱ्यांदा उभे राहतायत. दोनदा पडले. कशासाठी उभे राहता, असं मी विचारतो. "लोक म्हणतेत, उभे राहा," ते म्हणतात. ताईंना विचारलं तर त्या वहीचं पान काढून दाखवतात. पानावर चार ओळी. ओढ्याच्या नळीचं तोंड. कचऱ्याची दुसरी जागा. बारवेभोवती जाळी. आणि आज सकाळी लिहिलेली चौथी, हातमोजे.

हिवरे बाजारचं नाव रांगेत निघतं. ते कुठंही निघतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं ते गाव, 1990 च्या आसपास गावानं पाणलोटाची कामं धरली आणि पुढं सगळा महाराष्ट्र तिथं सहली काढायला लागला. "तिथं सगळं गाव एक झालं," कुणीतरी म्हणतं. "हितं एका गल्लीत चार उमेदवार." रांग हसते. रांगेत खरोखरच एका गल्लीतले चार जण आहेत. आणि चौघंही ताईंबरोबर कधी ना कधी बारवेत उतरलेत. त्यातला एक मान खाली घालून सांगतो, "ताईविरुद्ध उभारायचं नव्हतं. पार्टीनं तिकीट दिलं."

"उभार की," ताई म्हणतात. "पण रविवारी खराटा धरायला ये. नायतर आज दिला तसा पाव्हण्याच्या हातात द्यावा लागंल." सगळे माझ्याकडं बघतात.

दोन पस्तीसला आत बोलावतात. आत पंखे आहेत, कॅमेरा आहे, लांब टेबल आहे. निवडणूक निर्णय अधिकारी कागद एकेक करून उलटतात. मतदार यादीतलं नाव, बरोबर. सूचक, बरोबर. बेबाकी. शौचालय. घोषणापत्र. शपथपत्राच्या एका पानावर त्यांचं बोट थांबतं. गुन्ह्यांच्या रकान्यावर. ते मान वर करून ताईंकडं बघतात, फक्त एक क्षण. त्यांच्या कामात विचारण्यासारखं काही नसतं. रकाना भरलेला आहे की कोरा, एवढंच बघायचं. पान उलटतं.

अनामत रक्कम. ताई कापडी पिशवीतून रुमाल काढतात, रुमालातून नोटा. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या. गल्लीनं गोळा केलेल्या. बाबू एकदा मोजतो, बोट ओलं करून पुन्हा मोजतो. एका नोटेला हळदीचा डाग आहे. ती तो वेगळी काढत नाही. पावती फाटते.

 ताई उभ्या राहतात. नाव सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा कापतो. बायकांच्या मोर्चापुढं बिनमाईकचा चालणारा आवाज हाच. सही करतात. बाबू अर्जावर शिक्का मारतो. गोल शिक्का, तारीख, वेळ, दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं, क्रमांक.

ताई त्या शिक्क्याकडं बघतात. मग माझ्याकडं वळून पुटपुटतात, "पोच."

बाहेर येतो तर गल्लीतल्या बायका रेघेच्या पलीकडं उभ्या आहेत. हार नाही. एकीनं डब्यात शिरा आणलाय. चमचे कमी, बोटं आहेत. म्हातारी आत्याही कुणाच्या तरी स्कुटीवर बसून आलीय. ताई तिच्या हातावर शिरा ठेवतात आणि सकाळच्या प्रश्नाचं उत्तर देतात.

"आत्या, मी आत गेले आन काम केलं नाय, तर मोर्चा तुमीच काढा. माझ्याच दारात काढा. घागरी मी देते."

आत्या शिरा खाते. "घागरी हायेत आमच्याकडं," ती म्हणते.

तीन वाजतात. फाटक बंद होतं. दुचाकीवरून दाखला आणायला गेलेला पोचलाय का, ते मला दिसत नाही. मंडप रिकामा होतो. खुर्च्या तशाच तापलेल्या. झेंडूच्या पाकळ्या आणि चंदेरी कागद गोळा करून खराटेवाला पोरगा गाडीत टाकतो. एकाच कप्प्यात.

कार्यालयाच्या भिंतीवर सूचना फलक आहे. उमेदवारांची शपथपत्रं तिथं लावतात, कुणालाही बघता यावीत म्हणून. आधी लावलेल्या कागदांशेजारी ताईंचंही लागतं. कागदांचे कोपरे वाऱ्यानं फडफडतायत. दोन तरुण समोर उभे राहून बोट ठेवून वाचतात. एक आडनावं वाचतो, दुसरा तोळे. "ह्याच्याकडं बघ, तीस तोळे." मग पुढच्या पानावर जातात. "हिच्यावर दोन गुन्हे हायेत," पहिला म्हणतो. दुसरा मान डोलावतो आणि ते निघून जातात.

ताई तोवर शाळेमागं पोचल्यात. पिंपळाचं रोप दिवसभर पिशवीत राहून मलूल झालंय. त्या खड्डा करतात, रोप लावतात आणि स्टीलच्या पेल्यानं पाणी घालतात. सकाळच्या पाच पेल्यांतला एक.

तुमच्याही गावात कधीतरी असा फलक लागेल. चालता चालता थांबा आणि शपथपत्रं वाचा. तोळे वाचा, जमीन वाचा, गुन्ह्यांचा रकानाही वाचा, कारण त्यातले काही गुन्हे खरोखरच गुन्हे असतात. पण नुसतं कलम वाचून पुढं जाऊ नका. गुन्ह्याची तारीख बघा. त्या दिवशी आपल्या नळाला पाणी होतं का, ते आठवा.